रिसालदारांचा घोडा

दिघोरीचे यादोराव शिवणकर चोवीस वर्षं घोडदळात होते आणि त्या चोवीस वर्षांत ते एकदाही घोड्यावर बसले नव्हते. गावात ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, सुंदरबाईंना, ठाऊक होती. बाकी गावाला ठाऊक होतं ते वेगळंच. एकाहत्तरच्या लढाईत यादोरावांनी भर गोळीबारात पांढऱ्या घोड्यावरून नदी पार केली आणि म्हणून सरकारने त्यांना सेना मेडल दिलं, असं गाव पन्नास वर्षं सांगत आलं होतं.

घोडा पांढरा कोणी केला ते आता कोणालाच सांगता आलं नसतं. पण घोडा आणला कोणी, हे यादोरावांना पक्कं आठवत होतं. त्यांच्या वडलांनीच आणला.

एकोणिसाव्या वर्षी यादोराव कामठीला जाऊन फौजेत भरती झाले. नगरला ट्रेनिंग झालं आणि ते एका जुन्या रेजिमेंटमध्ये गेले. रेजिमेंटचं नाव घोडदळाचं. तिथे शिपायाला सवार म्हणत, हवालदाराला दफेदार, सुभेदाराला रिसालदार. घोडे मात्र यादोरावांच्या जन्माआधीच गेले होते आणि त्यांच्या जागी टँक आले होते. सवार यादोराव शिवणकर टँकचा ड्रायव्हर झाला. समोरच्या खबदाडीत बसायचं, दोन हातांत दोन दांडे धरायचे. डावा ओढला की टँक डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. "बंडीच्या कासऱ्यावानी हाय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी उस्तादाला सांगितलं होतं, आणि बंडी म्हणजे बैलगाडी हे उस्तादाला कळलं नव्हतं, कासराही कळला नव्हता.

मेडल जाहीर झालं तेव्हा नागपूरच्या पेपरात चार ओळी आल्या, 'घोडदळाच्या जवानाचा पराक्रम'. वडलांनी, म्हणजे पुंडलिकरावांनी, तो पेपर घडी करून खिशात ठेवला आणि महिनाभर प्रत्येक बाजारात वाचून दाखवला. चार ओळी संपल्यावर पुढचं ते स्वतःच्या मनाने सांगायचे. यादोराव सुटीवर आले तोवर घोडा तयार होता, त्याने नदी ओलांडली होती आणि गावातल्या दोन-चार पोरांची नावं यादोराव ठेवायची यावर चर्चा चालू होती.

यादोरावांनी त्याच दिवशी वडलांना बाजूला नेलं.

"बाबा, घोडा नव्हता जी. रणगाडा होता."

पुंडलिकरावांनी जरा विचार केला. "रणगाडा म्हणजे गाडाच ना शेवटी?"

"लोखंडाचा असते. तोफ असते त्याच्यावर."

"असू दे. गाडा हाकल्याचं मेडल भेटत असन तं आपल्या अर्ध्या गावाले भेटाले पाहिजे. घोडाच राहू दे."

आणि घोडाच राहिला. पुढे वडील गेले. यादोराव रिसालदार होऊन घरी आले, धानाची शेती बघू लागले, नातवंडं झाली. खरं सांगायची वेळ दर वर्षी एक वर्षाने लांब जात राहिली.

यंदाच्या जानेवारीत सरपंच शोभाताई चार सदस्यांना घेऊन घरी आल्या. यादोराव अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"आबाजी, सव्वीस जानेवारीचा झेंडा यंदा तुमच्या हातानं," शोभाताई म्हणाल्या. "अन् ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत तुमची मिरवणूक. साकोलीच्या टेकचंदची घोडी ठरवली हाय. पांढरी."

यादोरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "घोडी कायले? मी चालत येतो ना."

"असं कसं? घोडदळाचा माणूस चालत जाईन?"

आतून सुंदरबाईंना खोकल्याची मोठी उबळ आली. ती खोकल्याची नव्हती हे फक्त यादोरावांना कळलं.

मंडळी गेल्यावर सुंदरबाई पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. "चोवीस वर्षं घोडदळात, अन् बकरीवर नाही बसले कधी! सांगून टाका आता."

"कसं सांगू? डिंपलचं काय?"

डिंपल त्यांची नात. गावच्याच शाळेत शिकवायची आणि सव्वीस जानेवारीचं सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. लहानपणी 'माझे आजोबा' या विषयावर तिने तालुक्यापर्यंत भाषणं केली होती आणि नदीवरून उडणाऱ्या त्या घोड्याच्या जोरावर तीन बक्षिसं आणली होती. ती तिन्ही पितळी बक्षिसं समोरच्या खोलीतल्या फळीवर होती, मेडलच्या शेजारीच.

"मंग बसा घोडीवर," सुंदरबाई म्हणाल्या. "पडू मात्र नोका. हाड मोडलं तं सेवा मलेच करा लागन."

यादोरावांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी, तहसीलचं काम आहे असं सांगून, ते साकोलीच्या बसमध्ये बसले. टँक शिकायला सहा महिने लागले होते. घोडी शिकायला पाच दिवस पुरतील असा त्यांचा हिशेब होता.

टेकचंदचं घर हायवेच्या पलीकडे होतं. मागे पत्र्याच्या शेडमध्ये घोडी उभी होती, करिश्मा नावाची. चांगली अंगाने भरलेली, आणि पाहुण्याकडे बघून कान मागे पाडणारी. लग्नसराई नव्हती म्हणून टेकचंदही मोकळा होता. चाळिशीचा, बोलका माणूस.

"या आबाजी! सरपंचबाईचा फोन आला होता. खुद्द रिसालदार साहेब माह्या घोडीवर बसणार! पाहाले आले का घोडी?"

"हो. जरा... सवय मोडली हाय. म्हटलं बसून पाहावं."

टेकचंदने खोगीर चढवलं. यादोरावांनी उजवा पाय रिकिबीत घातला आणि अंग वर घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलं तोंड शेपटीकडे होणार आहे. ते खाली उतरले. टेकचंद आत गेला. त्याने एक पाट आणला, त्यावर यादोरावांना उभं केलं आणि नवरदेवाला बसवतात तसं बसवलं.

वर बसल्यावर जमीन फार खाली गेली. टँकमध्ये बसलं की चारी बाजूंनी लोखंड असतं. इथे सगळीकडून हवा होती.

"चल," यादोराव म्हणाले.

करिश्मा चालली नाही. त्यांनी टाच मारली. ती तशीच उभी.

"अशी नाही चालत ते," टेकचंद म्हणाला. "तिले बँड लागते." त्याने खिशातून मोबाइल काढला आणि वरातीचं गाणं लावलं. करिश्माने मान उडवली, पुढचे दोन पाय उचलून आपटले आणि जागच्या जागी नाचायला लागली.

यादोरावांनी लगाम सोडला, मानेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटले. "हॉल्ट! हॉल्ट!" ते ओरडले. करिश्माला तो शब्द माहीत नव्हता. शेवटी टेकचंदने गाणं बंद केलं आणि त्यांना पाटावर उतरवून घेतलं.

टेकचंदने त्यांना खाटेवर बसवलं, आतून चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "आबाजी, तुम्ही घोड्यावर कधी बसलेच नाही ना?"

यादोरावांनी चहाचा एक घोट घेतला. पन्नास वर्षांत कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. विचारल्यावर उत्तर सोपं निघालं.

"नाही."

"मंग मेडल?"

"टँकचं हाय ते."

आणि हायवेवरून ट्रक जात असताना, एका परक्या माणसाच्या खाटेवर बसून, यादोरावांनी पहिल्यांदा ती दुपार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली.

टँकमध्ये ते चौघे होते. कमांडर दफेदार भवानीसिंग, राजस्थानचा. तोफ चालवणारा मुरुगन, मदुराईकडचा. तोफेत गोळा भरणारा अमरीकसिंग, पंजाबातला, यादोरावांच्याच वयाचा. आणि ड्रायव्हर यादोराव. डिसेंबरची दुपार. एका नदीच्या पात्रातून स्क्वाड्रन पुढे जात होतं. पाणी थोडं, गाळ फार. पुढचा टँक मधोमध पोटापर्यंत रुतला. आत चार माणसं, त्यातल्या एकाचा पाय अडकलेला, त्याला बाहेर काढता येईना. समोरून गोळे येत होते आणि प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा जवळ पडत होता.

"भवानीसिंगनं मले वरून विचारलं, खींच लेगा? मी म्हटलं, खींच लूँगा. लय हुशारी होती म्हणून नाही. चिखल पाहिला ना मी. आपल्या धानाच्या बांधीतल्यासारखाच चिखल. जिथी लव्हाळं उगवते तिथी बुड पक्कं असते, हे आपल्याकडं लहान पोट्ट्यालेही समजते. मी लव्हाळ्या-लव्हाळ्यातून टँक नेला. पण तार जोडाले खाली उतरा लागते. तार अशी जड, का एका माणसानं उचलत नाही. मी उतरलो, माह्यासोबत अमरीक उतरला."

ते थांबले. टेकचंदने बिडी पेटवली होती, ती ओढायची राहिली.

"आम्ही दोघानं तार जोडली. मी त्याले झाडीबोली शिकवली होती ना, तं तो त्या चिखलातही मले म्हणे, 'काहून बे यादो, धानाचा रोवणा लावाले आणलं का मले?' मी हासलो. हासत हासतच मी माह्या सीटवर चढलो. तो मागून चढत होता, तवाच गोळा पडला. त्याच्या कुशीत लागला तुकडा. भवानीसिंगनं ओढून आत घेतला त्याले. मुरुगननं त्याची जखम दाबून धरली, अन् मी टँक काढला. झटका नाही देल्ला. रुतल्या बंडीले झटका देल्ला का जू तुटते. हळू, तिरपा, हळू. अन् आला तो टँक बाहेर. त्यातले चारही वाचले."

"अन् अमरीकसिंग?"

"तिसऱ्या दिवशी गेला. हॉस्पिटलात."

करिश्मा कडबा खात होती. मग टेकचंद, अगदी साधेपणाने, जे सुचलं ते बोलला, "मंग आबाजी, तुमच्या गावच्या गोष्टीत, तुम्ही घोड्यावरून नदी उडवता तवा, हा अमरीकसिंग कुठी असते?"

यादोरावांनी त्याच्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. घोड्यावर एकच माणूस बसतो, हे त्यांच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं. आपण एक खोटं वागवतो आहोत एवढंच त्यांना माहीत होतं, आणि ते खोटं निरुपद्रवी आहे, वडलांचा मान राखण्यापुरतं आहे, असं ते धरून चालले होते. पण त्या घोड्याने तीन माणसं पुसून टाकली होती. गावात एकालाही अमरीकचं नाव माहीत नव्हतं. डिंपलने तालुक्यापर्यंत भाषणं केली, त्यातही नव्हतं.

"कुठीच नसते," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून धानाच्या कापलेल्या बांध्या दिसत होत्या. यादोरावांना कित्येक वर्षांनी अमरीकचा आवाज जसाच्या तसा आठवला. घरी पोचल्यावर सुंदरबाईंनी विचारलं, "झालं तहसीलचं काम?"

"झालं."

"मंग पँटीले घोडीचे केस कायले लागले?"

यादोराव हसले. मनावरचं ओझं अर्धं तिथेच उतरलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव जमलं होतं. शाळेचं लेझीम पथक, बँड, भगवे-पांढरे-हिरवे फुगे. टेकचंद करिश्माला सजवून घेऊन आला होता. यादोरावांनी कोट घातला होता, त्यावर मेडल होतं. शेजारी भैय्यालाल उभे होते, यादोरावांचे बालमित्र. गावातल्या प्रत्येक लग्नात घोड्याची गोष्ट हेच सांगायचे आणि प्रत्येक वेळी नदी थोडी रुंद करायचे.

शोभाताईंनी हार घातला. "बसा आबाजी."

यादोरावांनी करिश्माच्या मानेवर थाप मारली आणि ते वळले. "बँडवाले दादा, जरा थांबा." मग त्यांनी डिंपलकडे हात केला. "बेटा, माइक दे."

डिंपलने माइक दिला. तिला वाटलं, आबाजी आभार मानणार आहेत.

"गावकरी मंडळी," यादोराव म्हणाले. आवाज परेडवरच्यासारखा निघाला, माइकची गरज नव्हती. "मी घोड्यावर कधी बसलो नाही. या आठवड्यात एक डाव बसलो, टेकचंदले विचारा, कसा बसलो ते. लढाईत घोडा नव्हता. टँक होता. रणगाडा. मी त्याचा ड्रायव्हर होतो."

करिश्माचे घुंगरू तेवढे वाजले.

"घोडा नव्हता?" भैय्यालाल ओरडले. "काय बोलून राहिला तू? बहात्तर साली तू तो घोडा सुटीवर घेऊन आला होता. म्या सोता चारा घातला त्याले!"

"भैय्यालाल, तो रामटेकच्या गोसाव्याचा होता."

कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, आणि मग हसू सगळ्या गर्दीत पसरलं. भैय्यालालही थोडा वेळ अडून हसले. यादोरावांनी ते ओसरू दिलं. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. लव्हाळं सांगितलं, तार सांगितली, झटका का दिला नाही ते सांगितलं. आणि तिथे बाया-माणसं माना डोलवायला लागली, कारण रुतलेली बंडी काढणं सगळ्यांना माहीत होतं. अमरीकचं सांगताना त्यांनी त्याचे शब्दही सांगितले. रोवणा लावाले आणलं का मले. पंजाबातल्या पोराच्या तोंडी आपली बोली ऐकून लोक हसले, आणि पुढचं वाक्य ऐकून हसता हसता गप्प झाले. मागे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"मेडल एकाले भेटते. काम चौघाचं असते," यादोराव म्हणाले. "भवानीसिंग, मुरुगन, अमरीकसिंग. आज झेंड्याखाली मी उभा राहीन तवा ही तीन नावं पहिले घ्यायची. माह्यं नंतर. बस."

त्यांनी माइक नातीकडे दिला. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. डिंपल म्हणाली, "आबाजी, त्या घोड्यावर मी तीन बक्षिसं आणली!"

"माफ कर बेटा."

"माफ कायले? हे आधी सांगितलं असतं तं जिल्ह्याचंही आणलं असतं!" आणि तिने त्यांच्या गळ्यात हात टाकला. ती हसत होती की रडत होती ते नीट कळत नव्हतं, बहुधा दोन्ही.

आता प्रश्न घोडीचा होता. बँड आलेला, घोडी सजलेली, आणि ज्यांच्यासाठी आणली त्यांनी जाहीरपणे अंग काढून घेतलेलं. शोभाताईंनी टेकचंदकडे पाहिलं, टेकचंदने शोभाताईंकडे.

"आता रिकामी न्यायची का हिले?" शोभाताई म्हणाल्या.

"रिकामी कायले?" गर्दीतून आवाज आला. सुंदरबाई पुढे आल्या. त्यांनी नऊवारीचा काष्टा नीट खोचला आणि टेकचंदला विचारलं, "पाट आणला का?"

"आणला ना, मायजी."

"ठेव मंग. चोवीस वर्षं हे तिकडे होते अन् इकडे नांगर म्या हाकला. माही मिरवणूक कोणी काढली नाही अजून."

बायांनी टाळ्या पिटल्या. सुंदरबाई पाटावर चढल्या आणि एका झेपेत घोडीवर बसल्या, पाठ ताठ, लगाम हातात. लहानपणी माहेरी, त्यांच्या वडलांकडे, बाजाराला जायचं तट्टू होतं. ही गोष्ट मात्र यादोरावांनाही माहीत नव्हती. बँड सुरू झाला. करिश्मा नाचली. सुंदरबाई हलल्या नाहीत. यादोराव घोडीच्या पुढे, छाती काढून, परेडच्या पावलांनी चालले आणि मिरवणूक शाळेत पोचेपर्यंत दर चार पावलांनी मागे वळून बायकोकडे बघत राहिले.

झेंडा लागला. डिंपलने तीन नावं खणखणीत आवाजात घेतली, आणि शाळेच्या पोरांनी प्रत्येक नावामागून 'अमर रहे' म्हटलं. भवानीसिंग आणि मुरुगन जिवंत आहेत की नाहीत हे यादोरावांना माहीत नव्हतं, पण त्यांनी पोरांना अडवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात माणसं यायला लागली. घोड्याविषयी पन्नास वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. घोडा सगळ्यांना कळत होता. टँकचं मात्र सगळंच विचारायचं होतं. किती टनाचा? रिव्हर्स गिअर असते का? शेताच्या धुऱ्यावरून जाते का? ट्रॅक्टर चालवणारी तरणी पोरं जमिनीवर काडीने आकृत्या काढून घेत होती. सुंदरबाई चहा करून दमल्या आणि शेवटी पातेलंच बाहेर आणून ठेवलं.

भैय्यालाल चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले, खाटेच्या कडेला बसले, बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"यादो," ते शेवटी म्हणाले, "मले पुढच्या लग्नात सांगा लागन ना. तं एक सांग. ॲव्हरेज किती देत होता तुया टँक?"

यादोरावांनी मनात आकडेमोड केली. "एका लिटरात... आपल्या बस स्टॉपपासून तलावाच्या पाळीपर्यंत."

"बस?"

"बस. अन् तेही पेट्रोल."

भैय्यालालांनी तंबाखू तोंडात टाकली आणि गंभीरपणे मान हलवली. "मंग तं सरकारनं मेडल द्यालेच पाहिजे होतं," ते म्हणाले. "त्या पेट्रोल भरणाऱ्याले."